वडिलांच्या परमिट रूमच्या गल्ल्यावर मुलीने बसावं का?

प्रश्न: वडील काही महिन्यांपूर्वी अचानक गेले. लालबाग-परळ भागात त्यांची लहानशी परमिट रूम आहे. खाली आठ टेबलं, वर माळ्यावर चार. भाऊ म्हणतो विकून टाकू, ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात लाउंज करू, आई म्हणते आता हा धंदाच नको. मला मात्र ती तशीच चालवावीशी वाटते, कारण बाबांच्या तेराव्याला निम्मी गल्ली आली होती. बाईने गल्ल्यावर बसलेलं चालतं का? आणि गल्लीला आपली वाटणारी जागा टिकवायची तर नेमकं काय सांभाळावं लागतं?

उत्तर:

चालवा, पण गल्ल्यावर तुम्ही स्वतः बसणार असाल तरच. मॅनेजर ठेवून मोबाइलवर कॅमेरे बघत चालवायचा बेत असेल, तर भावाचं ऐका आणि चांगल्या किमतीला विकून टाका. मी याच गिरणगावात वेटर म्हणून लागलो, पुढे काउंटर सांभाळला, मग भागीदारीत एक परमिट रूम घेतली. आजही संध्याकाळी सहाला मी गल्ल्यावर असतो. आमच्या आसपासच्या ज्या जागा माझ्या डोळ्यांदेखत बंद झाल्या, त्यातल्या बहुतेकांना उतरण लागली तेव्हा गिऱ्हाईक होतं. मालक तिथून उठला, मग भरवशाचा कॅप्टन, म्हणजे वेटरांचा मुख्य, गेला, मग रोज येणारी माणसं एकेक करून पांगली, हा तिथला क्रम होता.

याचं कारण सांगतो. बाटली वाईन शॉपमध्ये छापील किमतीला मिळते. तीच आपल्याकडे महाग पडते, वर टॅक्स. तरीही माणूस आपल्याकडे येतो. एक तर घरी बसायला जागा नसते. दहा बाय बाराच्या खोलीत म्हातारे आईबाप, अभ्यास करणारी मुलं, तिथे तो ग्लास घेऊन बसणार कुठे? आणि बसूही नये. दुसरं, इथे त्याला कोणीतरी ओळखतं. तो आत आला की काही न विचारता त्याचं पाणी आणि शेंगदाणे टेबलावर येतात, काल आला नव्हता हे लक्षात ठेवलेलं असतं, मुलीचा दहावीचा निकाल विचारला जातो. हे सगळं मॅनेजरही करू शकेल. पण एक काम पगारी माणसाकडून होत नाही. ते म्हणजे गिऱ्हाइकाला 'आता बस' म्हणणं. विक्री कमी झाली तर मालक विचारेल, ही भीती त्याला असते, आणि गिऱ्हाईकही त्याला 'तू कोण सांगणारा' म्हणू शकतं. तुमच्या वडिलांच्या तेराव्याला निम्मी गल्ली आली, त्यातल्या कितीतरी जणांना त्यांनी कधी ना कधी शेवटचा पेग नाकारला असेल, हे मी त्यांना न ओळखताही सांगतो.

हे काम शिकावं लागतं, म्हणून त्याबद्दलच जरा सविस्तर लिहितो.

नकार चारचौघांत देऊ नये. टेबलावर बसलेल्या मित्रांसमोर 'तुम्हाला आता मिळणार नाही' म्हटलं की साधा माणूसही चिडतो. आमच्याकडे वेटर जाऊन विचारतो, "जेवण लावू का?" रोजच्या माणसाला एवढं पुरतं. नाही पुरलं तर पुढच्या पेगच्या ऑर्डरआधीच गरम सूप किंवा डाळ-भात पाठवायचा, पाण्याची बाटली बदलायची, बर्फ न्यायला वेळ लावायचा. तरीही हट्ट धरला तर गल्ल्यावरून उठायचं, त्याच्या टेबलाशी जायचं आणि हळू आवाजात सांगायचं, "उद्या या, आजचं झालं." उठून जाणं महत्त्वाचं. बसल्या जागेवरून हाक मारून दिलेला नकार अपमान वाटतो. तो निघाला की दारापर्यंत सोबत जायचं.

बाइकवर आलेल्याची चावी गल्ल्यात ठेवायची पद्धत आमच्याकडे जुनी आहे. गाडी चालवणाऱ्याच्या 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा, आणि 2019 पासून पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण दंडाचा हिशोब पिणाऱ्याला सांगू नका, तो त्या वेळी डोक्यात शिरत नाही. चावी मागायची, रिक्षा-टॅक्सी बोलावून द्यायची, सकाळी तो येऊन गाडी नेतो. पहिल्यांदा कुरकुरतो. दुसऱ्यांदा आत येतानाच चावी गल्ल्यावर ठेवतो.

आरडाओरडा करणारा माणूस फार काळजीचा नसतो. त्याला सांभाळायला आजूबाजूचे असतात. तुम्ही लक्ष ठेवायचं ते गप्प बसणाऱ्यावर, आणि त्याच्या येण्याच्या वेळेवर. आधी आठला येणारा सहाला येऊ लागतो, मग चारला, आणि एक दिवस शटर वर जाताना दारात उभा असतो. पहिला पेग उचलताना हात थरथरतो आणि अर्धा रिचवल्यावर थांबतो. इथवर आलेल्या माणसाचं पिणं आता मजेचं राहिलेलं नाही, हे ओळखायला डॉक्टर लागत नाही, पण पुढच्या पायरीला डॉक्टरच लागतो. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: अशा माणसाला 'उद्यापासून एक थेंबही घेऊ नकोस' असा सल्ला परस्पर देऊ नये. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी थांबवलं तर फिट येऊ शकते, भास होतात, जीवावरही बेतू शकतं. त्याला इस्पितळात न्यायला घरच्यांना सांगा. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा मुंबईत मराठीतही भरतात, आणि पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून हे काम करत आहे. दोन्ही ठिकाणचे फोन नंबर माझ्या गल्ल्याच्या खणात असतात. गिऱ्हाईक स्वतःच्या हाताने घालवतोस, असं मला धंद्यातलेच लोक म्हणाले आहेत. मला तसं वाटत नाही. त्याला पाजत राहिलो असतो तरी ते गिऱ्हाईक दोन-तीन वर्षांत जाणारच होतं, आणि ते स्मशानात. सोडून परतलेले काही जण आजही संध्याकाळी माझ्याकडे येतात, लिंबू-सोडा घेतात, सुरमईची थाळी खातात आणि घरी जातात.

पगाराच्या दिवशी कोणाची तरी बायको दारात येते. हे आजही घडतं. वेटरांना शिकवण असते की 'ते आलेच नव्हते' म्हणायचं. ही शिकवण तुम्ही पहिल्याच दिवशी मोडा. तिला खुर्ची द्या, पाणी द्या, खरं सांगा, आणि नवऱ्याला बाहेर बोलवा. तो चिडेल, काही दिवस दुसरीकडे जाईल. पण वस्तीतल्या बायका आपल्या जागेबद्दल काय बोलतात यावर आपलं आयुष्य अवलंबून असतं. महाराष्ट्रात 25 टक्के मतदारांनी किंवा 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली की दारूविक्रीवर मतदान घेता येतं, आणि आडव्या बाटलीने, म्हणजे बंदीच्या बाजूच्या मतचिन्हाने, कितीतरी गावांतली आणि वॉर्डांतली दुकानं बंद केली आहेत. त्या बायकांचा राग खोटा नसतो. ज्या जागेने त्यांच्या नवऱ्याचा अख्खा पगार एका रात्रीत गिळला, ती जागा बंद व्हावी असं मलाही वाटतं.

आता तुम्ही बाई असल्याचा प्रश्न. कायद्याची आडकाठी नाही. दारू प्यायली जाते अशा जागी बायकांना नोकरीला ठेवायची बंदी घालणारं, दिल्लीत लागू असलेलं एक जुनं कलम सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये रद्द केलं. तुम्ही तर मालक म्हणून बसणार. बायका कामाला ठेवल्यात तर रात्री साडेनऊनंतर त्यांची लेखी संमती आणि सुरक्षित जाण्या-येण्याची सोय पाहावी लागते, तेवढं ध्यानात असू द्या. आणि ही काही नवी गोष्ट नव्हे. 1950 मध्ये मोरारजीभाई देसाईंच्या काळात मुंबईत पुरी दारूबंदी आली, तेव्हा धोबीतलाव, माझगाव, वांद्र्याच्या गल्ल्यांत घरातच गुत्ते चालवणाऱ्या बहुतेक गोव्याकडच्या ख्रिश्चन बायकाच होत्या. सगळी मुंबई त्यांना 'आंटी' म्हणायची. त्यांच्या खोलीत शिवीगाळ करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी दार उघडत नसे. गोव्यात आजही वाड्यावरच्या तावेर्नात, म्हणजे दारूच्या छोट्या दुकानात, फेणी मोजून देणारी बाई सर्रास दिसते. नवरा बागेत किंवा भट्टीवर, आणि काउंटर तिच्याकडे.

तुमच्या बाबतीत काय होईल ते सांगतो. पहिले काही दिवस जुनी गिऱ्हाइकं अवघडतील. आवाज खाली येतील, शिव्या कमी होतील, एक-दोन टेबलं दुसरीकडे जातील. जाऊ द्या. उरलेले तुम्हाला 'ताई' म्हणू लागले की ते नातं घट्ट धरा, आणि कॅप्टनलाही त्यांच्यासमोर 'मॅडम' म्हणू देऊ नका. ताईने 'जेवून घ्या' म्हटलेलं माणूस ऐकतो. तुमच्यावर भार मात्र जास्त येईल, कारण घरचं दुखणं पुरुष मालकाला जेवढं सांगत नाहीत तेवढं तुम्हाला सांगतील. ऐकायचं, पण दोन टेबलांमधल्या गोष्टी एकीकडून दुसरीकडे जाऊ द्यायच्या नाहीत. रोकड रोज रात्री पर्समधून घरी नेऊ नका, आणि बंद करून निघताना सोबत माणूस असू द्या.

रोज शटर पडेपर्यंत बसायचीही गरज नाही. आपल्या धंद्यातली नाजूक वेळ आठ ते साडेदहा. तेवढी तुमची. त्यानंतर बाबांच्या काळातला कॅप्टन बंद करू शकतो, तो विश्वासाचा असेल तर. हे आईंनाही सांगा. कदाचित त्यांचा राग दारूवर जेवढा आहे त्याहून जास्त, नवरा वर्षानुवर्षं रात्री दीडला घरी आला यावर असेल. त्यांच्याशी वाद घालून जिंकू नका. त्या दारूबद्दल जे म्हणतात त्यात तथ्य आहे, आणि ते तथ्य मनात ठेवणारा माणूसच ही जागा नीट चालवू शकतो.

उधारीबद्दल विचारलं नाहीत, पण बाबांची वही तुमच्या हातात आलीच असेल. मी ज्यांच्याकडे काम शिकलो त्या मालकांचा एक नियम होता: जेवणाची उधारी द्यायची, दारूची नाही. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर होते, आणि तो संप रीतसर मिटलाच नाही. मी लागलो तेव्हा तो काळ सरला होता, पण मालक त्याबद्दल सांगायचे. पाळी सुटली की भरणारी टेबलं ओस पडली, आणि येणाऱ्यांच्या खिशात काही नसे. त्यांनी पेगचं खातं बंद केलं आणि राइस प्लेटचं चालू ठेवलं. त्यातले काही पैसे आले, पुष्कळ आले नाहीत. पण त्या घरांतली पुढची पिढी, जी आता बँकेत, बेस्टमध्ये, कॉल सेंटरमध्ये आहे, ती त्या जागेत येत राहिली. बाबांच्या वहीतल्या नावांकडे वसुलीला जाऊ नका. ज्यांना द्यायचे आहेत ते स्वतः येतील, आणि ते येतील तेव्हा घ्या, 'राहू दे' म्हणू नका. माणसाला फिटल्याचं समाधान लागतं. पुढे मात्र नवी ओळ लिहायची ती फक्त जेवणाची.

किचन हा या धंद्याचा कणा आहे, म्हणून वस्तादाशी, म्हणजे मुख्य आचाऱ्याशी, आधी बोला, मग वकिलाशी. मुंबईच्या परमिट रूम बऱ्याचशा उडुपी-मंगळूरकडच्या शेट्टींनी उभ्या केल्या, आणि त्यांनी एक गोष्ट आपल्या सगळ्यांना शिकवली: पिणाऱ्याच्या पोटात आधी काहीतरी गेलं पाहिजे. उकडलेले चणे, शेंगदाणे, काकडी, मसाला पापड हा चकणा पैसे न लावता किंवा नाममात्र पैशात द्या, आणि तो ताजा द्या. मऊ पडलेला पापड आणि खवट शेंगदाणे दिले की गिऱ्हाईक काही बोलत नाही, पण त्याला कळतं. मेन्यू लहान ठेवा. लालबागच्या माणसाला बोंबील फ्राय, तिसऱ्यांचं सुकं, सुरमई, कोंबडीचा रस्सा आणि गरम भात चांगला मिळाला की तो बाकीची चार पानं उलटत नाही. मासा भाऊच्या धक्क्यावरून पहाटे वस्तादानेच आणावा. फोनवर मागवलेल्या मासळीत पहिल्या महिन्यात ताजी येते, दुसऱ्या महिन्यात बर्फातली.

वर्षाचं चक्र समजून घ्या. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत ताज्या पापलेटची खोटी आशा दाखवू नका. सुका बोंबील, सुकट, जवळा यांवर किचन चालवा, पावसात ते जास्तच खपतं. आषाढाच्या शेवटी गटारी येते, तो वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. दुसऱ्या दिवसापासून श्रावण, आणि निम्मी टेबलं रिकामी. कित्येक नेमाने पिणारे अख्खा महिना थेंब घेत नाहीत, त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. मग गणपती. लालबागमध्ये ते दहा दिवस गर्दी रस्त्यावर असते, आपल्याकडे नसते, आणि कोकणातली पोरं गावाला गेलेली असतात. म्हणून स्टाफ एकाच मुलखातला ठेवू नका. थोडे कोकणातले, थोडे तुळू बोलणारे, थोडे उत्तराखंड-बिहारकडचे असले की कोणत्याच सणाला शटर पाडावं लागत नाही. अनंत चतुर्दशी, आषाढी-कार्तिकी एकादशी, गांधी जयंती हे ड्राय डे. निवडणुकीत मतदान संपायच्या आधीचे 48 तास बंद. ड्राय डेच्या आदल्या रात्री लोक पार्सल मागतात. टाळेबंदीत 2020 च्या मे महिन्यात शिल्लक माल सीलबंद विकायची खास परवानगी बारना मिळाली होती, त्यामुळे आपल्याकडे कधीही बाटली घरी न्यायला मिळते असा अनेकांचा समज झाला आहे. आपलं लायसन्स बसून पिण्याचं आहे, एवढं सांगून विषय संपवा.

लाउंजबद्दल माझं मत स्पष्ट आहे: करू नका. लोअर परळला काचेचे टॉवर आले, त्यांतली पोरंपोरी आता आपल्या गल्लीतही येतात, म्हणून लाउंज चालेल असं गणित मांडलं जातं. पण ती मुलं तुमच्याकडे येतात ती त्यांच्या ऑफिसखाली तेच सगळं तिप्पट दराने मिळतं म्हणून, आणि तुमच्याकडे बसून एकमेकांचं बोलणं ऐकू येतं म्हणून. डीजे आणलात तर वर राहणाऱ्या कुटुंबांशी पहिल्याच आठवड्यात वितुष्ट येईल. रात्री दहानंतर स्पीकरवर बंदी आहेच, आणि शेजाऱ्याने पोलिसांना फोन करण्याची वेळ आली की वस्तीतला बार म्हणून तुमचं काही उरत नाही. त्यापेक्षा त्या मुलींसाठी एक स्वच्छ, आतून नीट कडी लागणारं, वेगळं बाथरूम बांधा. त्यावर खर्च केलेला पैसा सगळ्यात लवकर परत येतो. आणि बाई आली की तिला 'वर फॅमिलीत बसा' म्हणून माळ्यावर पाठवायची सवय मोडा. तिला जिथे बसायचं तिथे बसू द्या. तुम्ही स्वतः खाली गल्ल्यावर असाल तर ते आपोआप होईल.

माळ्यावरून आठवलं. 29 डिसेंबर 2017 ला, मध्यरात्र उलटल्यावर, तुमच्यापासून जवळच, कमला मिल आवारात लागलेल्या आगीत 14 माणसं गेली. त्या बातमीनंतर मी माझ्या माळ्यावरची दोन टेबलं काढली आणि जिन्याखाली रचलेले बीअरचे क्रेट हलवले. तुमच्याकडे वर जायला एकच जिना असेल, तर त्याच्या तोंडाशी काहीही ठेवू देऊ नका, गॅसचे सिलिंडर आत साठवू नका, आणि एसीची वायरिंग जुनी असेल तर बाकी कोणत्याही नूतनीकरणाआधी ती बदला.

दराचंही सांगतो, कारण सध्या सगळ्यात कठीण तेच झालं आहे. गेल्या काही वर्षांत बारमधल्या दारूवरचा व्हॅट पाचवरून दहा टक्के झाला, 2025 मध्ये उत्पादन शुल्क मोठ्या प्रमाणात वाढलं, लायसन्स फीही वाढली. त्या वर्षी 14 जुलैला राज्यभरातल्या बार आणि परमिट रूमवाल्यांनी एक दिवस बंद पाळला. आम्हीही पाळला. दर वाढवावे लागतातच. पण तुमच्या कार्डावरची सगळ्यात स्वस्त ओळ काढून टाकू नका. तिच्यावर मिळणारा नफा नगण्य असेल, तरी ती ठेवा. वॉचमन, हमाल, रंगारी, निवृत्त कामगार, जो रोज एकच नाइन्टी (90 मिलिलिटर) घेतो, तो त्या ओळीवर येतो. त्याला इथे परवडलं नाही की तो घरी बसून दूध पीत नाही. तो खाली सरकतो, आणि सगळ्यात खाली हातभट्टी असते. 2015 च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं मेली. तशा माणसाला सीलबंद, तपासलेल्या बाटलीतलं मोजून मिळावं, ही गोष्ट मी धंद्याचा भाग मानतो.

मोजून म्हणजे खरोखर मोजून. 30 आणि 60 मिलिलिटरची मापं वैधमापन खात्याचा शिक्का असलेलीच वापरा, आणि पेग गिऱ्हाइकाला दिसेल असा भरा. मापात मारणं, उरलेल्या बाटल्या एकमेकींत ओतणं, महागड्या बाटलीत स्वस्त माल भरणं, असं तुमच्या स्टाफपैकी कोणी करत असेल तर तो कितीही जुना असो, त्याला त्याच दिवशी हिशोब द्या. या एका बाबतीत सवलत नको.

कागदपत्रांचं थोडक्यात. तुमचं लायसन्स एफएल-3, म्हणजे परमिट रूमचं, असणार. ते वडिलांच्या नावावर असेल तर वारस म्हणून तुमच्या नावावर करण्याचा अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या अधीक्षकांकडे लगेच करा. भाऊ आणि आईची संमती नोटरी करून जोडा, आणि मधल्या काळात चालू ठेवायचं की नाही याचं उत्तर लेखी घ्या. भागीदारी असेल तर करारनामा आधी वकिलाला दाखवा. नूतनीकरण दर वर्षी 31 मार्चच्या आत. फी मुंबईत काही लाखांत जाते, तेव्हा दर महिन्याला तिच्यासाठी पैसे वेगळे काढा. प्रत्येक कामगाराचा नोकरनामा, म्हणजे इथे काम करण्याचा सरकारी परवाना, हवा, रोजचं स्टॉक रजिस्टर त्याच रात्री लिहिलेलं हवं. गिऱ्हाइकाच्या दारू पिण्याच्या परवान्याकडे कोणी लक्ष देत नाही असं लोक म्हणतात. तुम्ही द्या. एक दिवसाचा 5 रुपयांचा, वर्षाचा 100 चा, आजीवन 1000 चा. रोजच्या माणसांना आजीवन काढून घ्यायला लावा, तो त्यांच्याच कामाचा असतो. बीअर आणि वाईनला 21 वर्षं, बाकी सगळ्याला 25. कॉलेजच्या पोरांचं ओळखपत्र बघितल्याशिवाय ग्लास पुढे जाऊ नये, मग तो नगरसेवकाचा मुलगा का असेना. दारूच्या बिलावर व्हॅट आणि जेवणाच्या बिलावर जीएसटी, दोन्ही वेगळे. गिऱ्हाईक विचारेल तेव्हा समजावून सांगता आलं पाहिजे.

सुरुवातीला काय बदलायचं असं विचाराल तर, वायरिंग आणि बाथरूम सोडून काहीही नाही. बोर्ड तोच, टेबलांची जागा तीच, कोपऱ्यातलं टेबल ज्याचं आहे त्याचंच. बाबांच्या हाताखालच्या प्रत्येक माणसाला एकेकटं बोलवा, त्याचा पगार, गावाकडचं कर्ज, मुलांची शाळा विचारून घ्या, आणि जे देऊ शकता तेवढंच कबूल करा. सहा महिने नुसतं बसा आणि नावं पाठ करा. कोण किती घेतो, कोणाला मधुमेह आहे, कोणाचं कोणाशी पटत नाही, कोणाला बिल लवकर हवं असतं कारण शेवटची कर्जत लोकल पकडायची असते, हे सगळं तुमच्या कॅप्टनच्या डोक्यात आहे. तो उद्या गावी निघून गेला तर त्याच्यासोबत जाईल, म्हणून आधी ते तुमच्या डोक्यात यायला हवं.

तुमची पहिली परीक्षा गटारीला होईल. त्या रात्री गर्दी बघून हुरळून जाऊ नका. दारात दोन माणसं उभी ठेवा, अनोळखी मोठे घोळके परत पाठवले तरी चालतील, पण रोजच्या माणसाची खुर्ची रिकामी ठेवा. कोंबडी आणि मटणाची ऑर्डर चार दिवस आधी द्या, कारण त्या दिवशी सकाळी भाव कोणाचंच ऐकत नाही. साडेदहानंतर नवीन ऑर्डरऐवजी जेवणंच काढा. आणि दुसऱ्या दिवशी श्रावण लागला की स्टाफला पाळीपाळीने सुट्टी देऊन वायरिंग, बाथरूम आणि जिन्याचं काम काढा. गणपती तोंडावर आल्यावर लालबागमध्ये ना सुतार मिळतो, ना रंगारी.